सूप, ग्राइंडर आणि नाशिकची थंडी: म्युझियममधे बघितलेलं चॉकलेट घरी कसं केलं

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत मी बारा वर्षं दिवाळीला होममेड चॉकलेटच्या ऑर्डरी घेत होते. पद्धत सगळ्यांना माहितीये, तयार स्लॅब आणायचा, पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर दुसऱ्या भांड्यात तो वितळवायचा, साच्यात ओतायचा, मधे एक बदाम, फ्रीजमधे ठेवायचं आणि मग चकचकीत कागद. मुलगा जर्मनीला शिकायला गेला, आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो कोलोनच्या चॉकलेट म्युझियममधे घेऊन गेला, आणि तिथे एका काचेमागची मशीनं बघत असताना म्हणाला, "आई, तू साच्यात ओततेस गं, चॉकलेट कुठे करतेस?" राग आला. पण खरं होतं.

म्हणून हे लिहितेय. ज्यांना अशा म्युझियमला जायचा योग येईल त्यांनी तिथे काय बघावं, आणि ज्यांना नाशिकमधेच बसून बियांपासून वडीपर्यंत एकदा करून बघायचंय त्यांनी काय करावं, दोन्ही. मी आता तीन हिवाळे हे करतेय, चुका भरपूर झाल्यात, त्या पण सांगते.

आधी तो स्लॅब म्हणजे काय ते बोलू. आपण आणतो तो बहुतेक वेळा कंपाउंड असतो, म्हणजे कोको पावडर, साखर आणि पामसारखं दुसरं कुठलंतरी तेल. खऱ्या चॉकलेटमधे कोको बटर असतं, कोकोच्या बीचंच तूप म्हणा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे चॉकलेट म्हणून विकायचं तर कोको बटर सोडून दुसरं वनस्पती फॅट ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. पाकीट उलटं करून वाचा, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं की समजायचं. कंपाउंड वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते उन्हाळ्यात टिकतं, साच्यातून पटकन निघतं, लहान मुलं आवडीने खातात. पण जिभेवर ते मेणासारखं बसून राहतं, आणि खरं चॉकलेट तोंडात गेलं की विरघळून जातं, कारण कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं आणि आपलं तोंड त्याच्यापेक्षा जरासं गरम असतं. सगळी गंमत त्या दोन-तीन डिग्रीत आहे.

म्युझियममधे काय बघायचं

कोलोनचं म्युझियम ऱ्हाइन नदीतच आहे म्हटलं तरी चालेल, काचेची इमारत, लांबून जहाजासारखी दिसते. हान्स इमहोफ नावाच्या चॉकलेट कारखानदाराने १९९३ मधे ते सुरू केलं. तिथल्या मोठ्या चर्चपासून नदीकाठाने चालत वीसेक मिनिटं लागतात. झुरिकजवळ किल्शबर्गला लिंड या स्विस चॉकलेट कंपनीचं २०२० मधे उघडलेलं आहे, तिथलं चॉकलेटचं कारंजं ९ मीटरच्या वर आहे. कोलोनचं ३ मीटरचं. लोक दोन्हीकडे आधी कारंज्याकडेच पळतात, फोटो काढतात, चॉकलेट खातात आणि मग पोट भरलं की बाकीचं बघायचा उत्साह राहत नाही. आपण नाशिकच्या रविवार कारंजा चौकात लहानाचे मोठे झालेले लोक, आपल्याला कारंज्याचं एवढं काय, ते शेवटाला ठेवा.

आधी काचघरात जा. आत कोकोची झाडं आहेत, दमट, चष्म्यावर वाफ येते. फळ फांदीच्या टोकाला नसतं, फणसासारखं थेट खोडाला लागतं, आत पांढरा आंबटगोड गर आणि त्यात साधारण ३० ते ५० बिया. ही झाडं विषुववृत्ताच्या वर-खाली साधारण २० अंशांपर्यंतच येतात. गंमत म्हणजे नाशिक बरोबर २० अंशावर आहे, म्हणजे नकाशात आपण काठावर पास, पण आपली कोरडी हवा आणि निफाडची थंडी त्या झाडाला सोसत नाही. भारतात कोको होतो तो केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत, नारळ-सुपारीच्या सावलीत.

मग फर्मेंटेशनचा, म्हणजे बिया आंबवण्याचा, भाग नीट वाचा, तिथे बोर्ड असतात आणि लोक ते सोडून पुढे जातात. ताज्या बीला चॉकलेटचा वाससुद्धा नसतो, कडू-तुरट लागते. गरासकट बियांचा ढीग करून केळीच्या पानांनी झाकतात किंवा लाकडी पेट्यांत भरतात, पाच ते सात दिवस. पहिल्यांदा यीस्ट गरातली साखर खाऊन अल्कोहोल करतं, मग ढीग हलवून हवा दिली की बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, ढीग ४५ ते ५० डिग्रीपर्यंत तापतो, बी आतून मरते आणि तिच्यात चॉकलेटच्या चवीची तयारी होते. आपण नाशिककर द्राक्षांमुळे हे निम्मं ओळखतो. फरक एवढाच की वाईनवाल्याची टाकी आंबून व्हिनेगर झालं तर तो डोक्याला हात लावतो आणि कोकोवाल्याला तेच हवं असतं.

त्यानंतर छोटा कारखाना, भाजणं, फोडून सालं उडवणं, दळणं, घोटणं, थंड-गरम करणं, साचे. इथे मशीनांची नावं पाठ करू नका, प्रत्येक ठिकाणी एकच विचार करायचा, हे मशीन नव्हतं तेव्हा हे काम कोण आणि कशाने करत होतं. मेक्सिकोकडचे जुने मायन आणि अ‍ॅझ्टेक लोक भाजलेल्या बिया दगडी पाट्यावर वाटायचे, त्याला मेटाटे म्हणतात, आपला पाटा-वरवंटाच तो, फक्त वरवंटा लांबट. तेव्हा चॉकलेट प्यायचे, खायचे नाहीत. १८२८ मधे हॉलंडच्या व्हॅन हाउटेनने दाब देऊन कोको बटर वेगळं काढायचं प्रेस केलं, १८४७ मधे इंग्लंडमधे फ्राय कंपनीने खायची वडी काढली, १८७५ मधे स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने दूध घातलं, आणि १८७९ मधे रोडोल्फ लिंडने तासन्‌तास घोटायचं मशीन केलं, त्याला काँच म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की मशीन शनिवार-रविवार चुकून चालूच राहिलं आणि सोमवारी रेशमासारखं चॉकलेट मिळालं. खरं-खोटं देव जाणे.

एवढ्या लांब जायचं नसेल तर केरळ, कर्नाटकात कोकोच्या बागा दाखवणारे लोक आहेत, पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलकडे बियांपासून चॉकलेट करणारे आहेत, कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा १९८६ पासूनचा कारखाना आहे. जायच्या आधी फोन करून आत सोडतात का ते विचारून घ्या, नाहीतर गेटवरचा फोटो घेऊन परत यावं लागतं.

घरी करायचं तर: बिया

एक किलो फर्मेंट केलेल्या आणि वाळवलेल्या बिया मागवा, दक्षिणेतले शेतकरी आणि छोटे चॉकलेटवाले ऑनलाइन देतात. माझी पहिली ऑर्डर वाया गेली, विकणाऱ्याने न आंबवलेल्या बिया पाठवल्या आणि मला कळलंच नाही, दोन दिवस दळून जे तयार झालं ते कडू काढ्यासारखं. तेव्हापासून पाकीट आलं की आधी दहा बिया सुरीने उभ्या चिरून बघते. आतून तपकिरी आणि भेगा पडलेल्या असतील तर छान, जांभळ्या असतील तर अर्धवट आंबलेल्या, पाटीसारख्या राखाडी आणि गुळगुळीत असतील तर परत पाठवा. थोडा व्हिनेगरचा वास आला तर घाबरू नका, तो भाजताना जातो.

मग ताटात घेऊन निवडायच्या, गहू निवडतो तशा. खडे, काड्या, चपट्या पोकळ बिया, एकमेकींना चिकटलेल्या, सगळं बाजूला. कच्च्या बियांवर शेतातली माती आणि जंतू असतात, भाजल्यावरच त्या खायच्या लायक होतात, म्हणून कच्च्या बियांचं ताट आणि भाजलेल्याचं ताट वेगळं ठेवा आणि मधे हात धुवा.

भाजणं

ओटीजीमधे, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमधे, १३० डिग्रीला २५ ते ३० मिनिटं, एकाच थरात, दर पाच-सात मिनिटांनी हलवायच्या. माझ्या ओटीजीत किलोचे दोन घाणे होतात. ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई आणि मंद आच, शेंगदाणे भाजतो अगदी तसंच, आणि खरं सांगायचं तर ज्या बाईला शेंगदाणे नीट भाजता येतात तिला थर्मामीटरची गरज नाही. आधी आंबट वास येतो, मग काही बिया तडतडतात, मग एकदम केक भाजल्यासारखा वास घरभर पसरतो, तो आला की पुढच्या दोन-तीन मिनिटांत थांबायचं. एक बी काढून गार करा, चिमटीत दाबली की साल सुटलं पाहिजे. जळकट वास आला तर तो घाणा गेला, साखर घालून तो लपत नाही, मी घालून बघितलंय. आणि लगेच परातीत पसरून पंख्याखाली गार करा, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजणं चालूच राहतं.

फोडणं आणि पाखडणं

कारखान्यात यासाठी हवेच्या झोताचं मोठं मशीन असतं. माझ्याकडे सासूबाई होत्या. मी जाड पिशवीत बिया घालून लाटण्याने फोडल्या आणि मिनी हेअर ड्रायर घेऊन बाल्कनीत सालं उडवत बसले, निम्मी सालं माझ्या केसांत आणि निम्मी खालच्या मजल्यावरच्या कपड्यांवर. सासूबाई पाच मिनिटं बघत होत्या, मग माळ्यावरचं सूप काढायला लावलं. "अगं, तांदूळ पाखडलेस का कधी? दे इकडे." दहा मिनिटांत साल एकीकडे, कण एकीकडे. त्या कणांना निब्ज म्हणतात. म्हणजे सूप असेल तर दुसरं काही घेऊ नका, आणि पाखडता येत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाकडून शिका, मला अजून त्यांच्यासारखं जमत नाही. शेवटी राहिलेली चिवट सालं हाताने वेचायची, अगदी शंभर टक्के जात नाहीत पण जितकी जास्त राहतील तितकं चॉकलेट कचकच लागतं.

साल आणि पाणी जाऊन एक किलो बियांचे साधारण साडेसातशे ग्रॅम निब्ज मिळतात. सालं फेकू नका, कुंडीत घाला, पण घरात कुत्रा असेल तर नको, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं आणि सालांतही ते असतं.

दळणं, म्हणजे खरी परीक्षा

निब्जमधे जवळपास निम्मं कोको बटर असतं, त्यामुळे दळता दळता ते तीळकुटासारखं तेल सोडतं आणि मग चक्क पातळ होतं. आधी मिक्सरमधे थोडं थोडं, मिक्सरला मधे मधे विश्रांती देऊन, शेंगदाण्याच्या कुटाच्या पुढे गेलं की त्याची ओबडधोबड पेस्ट होते. मग दगडी वेट ग्राइंडर, तोच इडलीचा. नवल वाटेल पण अमेरिकेतल्या छोट्या चॉकलेटवाल्यांनी घरगुती दळणासाठी आपला दक्षिणेकडचा वेट ग्राइंडरच उचलला आणि नंतर त्यावरून चॉकलेटसाठीची खास मशीनं निघाली. साधा ग्राइंडर तासन्‌तास चालायला केलेला नसतो हे लक्षात ठेवा, तास-दीड तास चालवायचा, मोटर गार होऊ द्यायची, वर टेबल फॅन लावायचा. पुन्हा पुन्हा करायचं असेल तर त्यातलंच एक खास मशीन, चॉकलेटचा मेलँजर, घ्या, हौसेपुरतं एकदाच करायचं असेल तर नका घेऊ.

माझं प्रमाण ७०० ग्रॅम निब्ज आणि ३०० ग्रॅम साखर, म्हणजे ७० टक्के डार्क. ५० ग्रॅम निब्ज कमी करून तेवढं कोको बटर घातलं तर ओतायला सोपं जातं. दूधवालं हवं असेल तर निब्ज २५०, कोको बटर २५०, फुल क्रीम मिल्क पावडर २००, साखर ३००. साखर घरीच मिक्सरला दळा, विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी कॉर्नस्टार्च असतो. गूळ घालायचा मोह सगळ्यांना होतो, कोल्हापुरी गूळ आणि डार्क चॉकलेट ऐकायला छानच वाटतं, पण गूळ ओल धरतो आणि ओल हाच इथे शत्रू आहे. पाण्याचे चार थेंब पडले तरी सगळं घट्ट मातीसारखं होतं. झालंच तर रडू नका, गरम दूध ओतून हॉट चॉकलेट करा.

ग्राइंडरचं भांडं आणि दगड हेअर ड्रायरने आधी कोमट करा, पेस्ट मूठ-मूठ घाला, तासाभराने ती वाहायला लागली की साखर थोडी थोडी. पहिले पाच-सहा तास चव घेतली की रवाळ लागेल. चालू द्या. कण २०-२५ मायक्रॉनच्या खाली गेले की जिभेला कळत नाहीत, मला एकूण चोवीसेक तास लागतात, दोन-तीन दिवसांत वाटून. झाकण थोडं उघडं ठेवा म्हणजे आंबट वाफ बाहेर जाते, लिंडच्या त्या घोटायच्या मशीनचं अर्धं काम तेच होतं.

मधे लाईट गेली तर? आमच्याकडे गेली, तीन तास, जानेवारीत, चॉकलेट भांड्यात दगडांसकट गोठलं आणि मी लाईट आल्या आल्या बटण दाबलं, पट्टा तुटला. आधी भांडं ड्रायरने गरम करून, दगड हाताने फिरतायत ना बघून मगच चालू करायचं.

टेंपरिंग

टेंपरिंग म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करून नीट गोठवणं. इथे लोक हार मानतात, मी पण मानली होती. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या तऱ्हेचे स्फटिक करू शकतं, आपल्याला त्यातला पाचवा हवा, त्यानेच वडी चकचकीत होते, टक्‌ आवाज करून मोडते आणि साच्यातून आपोआप सुटते. बाकीचे झाले तर वडी मऊ, फिकी आणि काही दिवसांत वर पांढरट डाग. ती बुरशी नसते, खायला चालतं, पण कोणाला देता येत नाही.

डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० डिग्रीपर्यंत गरम करून सगळे स्फटिक वितळवायचे, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग परत ३१-३२ ला आणायचं. दूधवालं असेल तर शेवटचा आकडा २९-३०. इथे मात्र थर्मामीटर लागतोच, अंदाज चालत नाही. सोपा मार्ग म्हणजे विरजण. गरम केलेल्या पाऊण किलोत आधीच टेंपर झालेल्या चांगल्या चॉकलेटचे पाव किलो तुकडे थोडे थोडे घालत ढवळत राहायचं, ३२ पर्यंत आलं की न वितळलेले तुकडे काढून घ्यायचे. विरजणात जसं चांगलं दही लागतं तसं इथेही, कंपाउंडचा तुकडा टाकून उपयोग नाही. पहिल्या वेळी विकतचं, ज्यात फक्त कोको बटर आहे असं डार्क आणा, पुढच्या वेळी आपलंच. सुरीच्या टोकाला थोडं लावून ठेवा, पाचेक मिनिटांत चमकदार घट्ट झालं तर जमलं, ओलसर राहिलं तर अजून ढवळा.

आणि हे सगळं नाशिकमधे डिसेंबर-जानेवारीत सकाळी करायचं. खोली विशीच्या आसपास असते तेव्हा काम निम्मं होतं. मी एकदा एप्रिलमधे एसी लावून केलं, लाईटबिल आलं ते वेगळं आणि वड्यांवर नकाशे उमटले ते वेगळे.

साचे कडक प्लास्टिकचे घ्या, कापसाने कोरडे पुसून घासा, चमक तिथूनच येते. ओतल्यावर ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे काढा. मी वर पिंपळगावकडचे मनुके आणि भाजलेले दाणे टाकते, नाशिकच्या चिवड्यातले तिखट पोहे टाकायचाही एक प्रयोग झाला, नवऱ्याला आवडला, बाकी कोणाला नाही. फ्रीजमधे फारतर पंधरा मिनिटं, जास्त ठेवलं की बाहेर काढल्यावर वडीला घाम सुटतो, पाण्यात साखर विरघळते आणि वर खरखरीत पांढरं येतं. नंतर फॉइलमधे गुंडाळून हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून लांब, कोको बटर वास धरतं, माझ्या एका घाण्याला गोड्या मसाल्याचा वास होता.

विकायचं ठरवलंत तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा आणि पाकिटावर काय घातलंय ते लिहा. मी अजून विकत नाही, दिवाळीच्या ऑर्डरी कंपाउंडच्याच घेते, पण आता पाकिटावर तसं लिहिते. दोन-तीन गिऱ्हाईकं कमी झाली. एका काकूंनी मात्र विचारलं की मग खरं कसं असतं, त्यांना एक वडी दिली, त्या म्हणाल्या कडू आहे गं, आणि दुसऱ्या दिवशी अजून एक मागायला आल्या.

ग्राइंडर धुताना घाई करू नका. आधी चमच्याने खरवडून, मग कागदाने पुसून, मग गरम पाणी आणि साबण, आणि दगड दोन दिवस कडक उन्हात. त्यात परत इडलीचं पीठ वाटायचं नाही, मी वाटलं, आठवडाभर घरात चॉकलेटी रंगाच्या इडल्या होत्या आणि सासूबाईंनी त्या सांबाराबरोबर न बोलता खाल्ल्या.